बोटीचं कागदावरचं वजन आणि भुईकाट्यावरचं वजन

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणाऱ्यांचं गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरजवळ कृषी पर्यटन केंद्र आहे. पाहुण्यांना पाण्यावर फिरवण्यासाठी ते अलिबागकडची एक जुनी १७ फुटी फायबर बोट घेत आहेत. माहितीपत्रकात ‘वजन ५२० किलो’ असं छापलंय. मागे ६० एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून लटकणारं इंजिन आहे. बोटीवरच्या पाटीवर ‘६ माणसं; माणसं, इंजिन व सामान मिळून ६४० किलो’ असं लिहिलंय. ट्रेलर नवा घ्यायचा आहे, एका चाकजोडीचा, ‘१,००० किलो क्षमतेचा’. त्यांचं म्हणणं असं की ५२० मध्ये इंजिनाचे शंभरेक किलो मिळवले तरी हजाराच्या आत बरंच अंतर राहतं, मग हा ट्रेलर घेऊन बोट कसारा घाटातून वर आणायला हरकत काय?

हरकत आहे. त्या ‘१,००० किलो’चा अर्थ ट्रेलरसकट एकूण वजन असा असेल, तर ही बोट त्या ट्रेलरवर बसत नाही. अर्थ नुसत्या मालाचं वजन असा असेल तर बसते, पण जेमतेम. नाशिकमध्ये फायबर बोटींची दुरुस्ती आणि ट्रेलरची कामं करताना हा घोळ मी वारंवार पाहतो. त्यात कोणी लबाडी केलेली असतेच असं नाही. बोट बनवणाऱ्याने एका अवस्थेतलं वजन छापलेलं असतं, ट्रेलरवाला दुसऱ्या अवस्थेतलं बोलत असतो, आणि घेणारा तिसऱ्याच अवस्थेत बोट वापरणार असतो.

माहितीपत्रकातलं ‘ड्राय वेट’ म्हणजे कोरडं वजन. टाकी रिकामी, पाणी नाही, सामान नाही, माणूस नाही. आउटबोर्ड बोटीच्या बाबतीत बहुतेक वेळा त्यात इंजिनही नसतं, कारण इंजिन गिऱ्हाईक आपल्या पसंतीचं लावणार असतं. इंजिन नाही म्हणून बॅटरीही धरलेली नसते. काही ठिकाणी ‘हल वेट’ लिहितात, तेव्हा तर नुसता सांगाडा आणि डेक एवढंच असू शकतं. सीटा, रेलिंग, छत सगळं वेगळं. ‘डिस्प्लेसमेंट’ लिहिलं असेल तर बोट किती पाणी बाजूला सारते त्याचं वजन, म्हणजे तरंगत्या बोटीचं एकूण वजन. पण ते हलक्या अवस्थेतलं की भरलेल्या, हे पुन्हा विचारावंच लागतं. ‘रेडी टु रन’, म्हणजे इंजिन-इंधनासकट निघायला तयार, हा शब्द सगळ्यात कामाचा, आणि तो माहितीपत्रकात सगळ्यात कमी सापडतो.

शर्यतीच्या रोइंगमध्ये हे काम नेटकं केलेलं आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कलमध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ही मारायच्या शर्यतीत उतरले होते. त्या प्रकारच्या नावेचं किमान वजन नियमाने १४ किलो ठरलेलं आहे, आणि त्या १४ किलोत वल्ही अडकवायचे आधार, सरकती सीट, पायातले बूट धरायचे, वल्ही धरायची नाहीत, हेही नियमातच लिहिलेलं आहे. १४ किलोच्या नावेबद्दल एवढं स्पष्ट लिहितात, आणि आपण अर्ध्या टनाच्या बोटीचा आकडा कशासकट हे न विचारताच घेतो.

आता तुमच्याच बोटीचा हिशेब मांडतो. काही आकडे अंदाजी आहेत, पण फार चुकणारे नाहीत. सांगाडा ५२०. फोर-स्ट्रोक ६० एचपीचं आउटबोर्ड बनावटीप्रमाणे साधारण १०५ ते १२० किलोच्या दरम्यान असतं; ११० धरू. स्टार्टिंगची लेड-अॅसिड बॅटरी, तिचा डबा आणि जाड केबली मिळून २५. स्टिअरिंग, कंट्रोलच्या केबली आणि इंजिनाचा एक जादा पंखा (प्रोपेलर), २०. पेट्रोलची टाकी समजा ९० लिटरची आहे. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोच्या किंचित खाली, ७४० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे टाकीभर पेट्रोल ६७ किलो. नांगर, पाच मीटर साखळी आणि दोर, २०. इथे बरेच जण दोन-चार किलो धरून मोकळे होतात, पण ८ मिलिमीटरची साखळीच मीटरला १.४ किलो असते. लाइफ जॅकेट, रिंग आणि आग विझवायचा सिलिंडर मिळून १५. उन्हासाठी पाइपची चौकट आणि कापडी छत, २०. गाद्या, हत्यारांची पेटी, बाजूला लटकवायचे फेंडर, बांधायचे दोर, अडचणीसाठी दोन वल्ही, सगळं मिळून ३५. बेरीज ८३२ किलो होते. अजून एकही माणूस चढलेला नाही.

या ८३२ खाली ट्रेलर. १७ फुटी बोटीला पेलणारा, गॅल्व्हनाइज्ड चौकटीचा, विंच आणि रोलर बसवलेला ट्रेलर स्वतःच २८० किलोच्या घरात जातो. म्हणजे तुमच्या गाडीमागून १,११२ किलो ओढलं जाणार. ट्रेलरचं एकूण मंजूर वजन १,००० असेल, तर त्यातून त्याचे स्वतःचे २८० वजा करून बोटीसाठी उरतात ७२०, आणि बोट आहे ८३२. ११२ किलो जास्त. डीलर म्हणतो ती १,००० ची क्षमता एकूण वजनाची की मालाची, हे तोंडी विचारू नका. ट्रेलरच्या चासीवरची पाटी आणि आरसी बुकातलं एकूण वजन बघा. ट्रेलर हे मोटार वाहन कायद्याप्रमाणे वाहनच आहे, त्याची नोंदणी होते, आणि नोंदलेल्या वजनापेक्षा जास्त भरलं तर कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. विम्याच्या दाव्याच्या वेळीही हाच कागद मागतात.

तरी दंडापेक्षा मला टायरची काळजी जास्त वाटते. टायरच्या बाजूवर मापापुढे एक छोटा आकडा असतो, तो वजनाचा निर्देशांक. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५. एका चाकजोडीच्या ट्रेलरवर दोनच टायर. तुमच्या १,११२ पैकी साधारण ८० किलो गाडीच्या हुकवर येतील असं धरलं, तर टायरवर १,०३२ उरतात. ८४ चे दोन टायर १,००० पेलतात. कागदावर फरक ३२ किलोचा दिसतो, पण एप्रिलमधला तापलेला डांबरी रस्ता, महिनोन्‌महिने उभ्या ट्रेलरच्या टायरमधली कमी झालेली हवा आणि घाटातली वळणं, हे सगळं त्याच ३२ किलोवर येऊन बसतं. टायर किमान ८८ चे पाहिजेत, आणि मी स्वतः ९१ च्या खाली बसवणार नाही. स्पेअरही त्याच मापाचा. आणि टायर मोठे लावले म्हणून अॅक्सलची क्षमता वाढत नाही. अॅक्सल, पाटे, कपलिंग (गाडीच्या हुकवर बसणारा जोड) आणि टायर यांत सगळ्यात कमी क्षमता ज्याची, तीच ट्रेलरची क्षमता.

गाडीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. आपल्याकडच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता दिलेलीच नसते. दिली असेल तर ती ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी वेगळी आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी वेगळी, फार कमी असते. दिली नसेल तर सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. १,१०० किलोच्या वर ओढताना ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. कसारा चढताना इंजिन आणि क्लचची परीक्षा होते, पण खरी भीती पुढे कधी दुरुस्तीसाठी बोट खाली न्याल तेव्हाची. उतारावर मागचे ११०० किलो गाडीला ढकलत असतात, आणि गाडीचे ब्रेक एकटे दोघांना थांबवत असतात.

आता जुन्या बोटीविषयी. या व्यवहारात हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माहितीपत्रकातले ५२० किलो हे बोट साच्यातून निघाली त्या दिवसाचे. हाताने काचतंतूची मॅट आणि रेझिन घातलेल्या दोन बोटी एकाच साच्यातून निघाल्या तरी त्यांच्या वजनात फरक पडतो, कारण रेझिन किती ओतलं जाईल हे कारागिराच्या हातावर असतं. त्यानंतर वर्षानुवर्षं त्यावर दुरुस्तीचे थर, रंगाचे थर, कोणीतरी बसवलेली लोखंडी चौकट, प्लायची फळी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आत मुरलेलं पाणी. बोट बुडू नये म्हणून डेकखाली फोम भरलेला असतो. चांगला फोम पाणी पीत नाही असं मानतात, पण डेकला पडलेल्या स्क्रूच्या भोकांतून पाणी आत गेलं, पाणी काढायचं तळाचं बूच काढून बोट कधी नीट निथळवलीच नाही आणि फोम वर्षानुवर्षं ओल्यात राहिला, तर तो हळूहळू भिजतो. ३०० लिटर फोममध्ये निम्म्या जागेत जरी पाणी मुरलं तरी १५० किलो झाले. हे पाणी बूच काढून निघत नाही. वर, बोट पाण्याने भरली तर जो फोम तिला तरंगतं ठेवणार होता तोच निकामी झालेला असतो.

इंजिन ज्या मागच्या फळीवर लटकतं, तो ट्रान्सम, त्याच्या आतलं लाकूडही असंच कुजतं. बघायला जाल तेव्हा हातोडीच्या लाकडी दांड्याने ट्रान्सम आणि डेक ठोकून पाहा. टणक आवाज हवा. बद्द आवाज आला तर आत ओल किंवा पोकळी आहे. इंजिन अर्धं वर उचलून त्याच्या खालच्या टोकाला हाताने हलकं वर-खाली करा आणि नजर ट्रान्समवर ठेवा. फळी हलताना दिसली, इंजिनाच्या बोल्टभोवती भेगा दिसल्या, तर किंमत कितीही कमी असो, दुरुस्तीचा खर्च मिळवूनच विचार करा. पण एवढं सगळं करूनही मुरलेलं पाणी किती हे डोळ्यांना कळत नाही. काट्यावर कळतं. हिशेबाने ८३२ यायला हवेत आणि काटा ९७० दाखवतोय, तर वरचे १३८ किलो कुठून आले याचं उत्तर विकणाऱ्याने द्यायचं.

नाशिक जिल्ह्यात काट्याची वानवा नाही. लासलगाव, पिंपळगाव बसवंतच्या रस्त्याने जा, कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांसाठी जागोजागी भुईकाटे आहेत. कांदा उत्पादकाला हे शिकवावं लागत नाही: भरलेल्या ट्रॉलीची एक पावती, रिकाम्या ट्रॉलीची दुसरी, आणि वजाबाकी होते तो त्याचा माल. बोटीचं अगदी तेच करायचं. फक्त लिलावाच्या वेळा टाळून जा आणि काट्यावर वैधमापन शास्त्र यंत्रणेचा चालू वर्षाचा शिक्का आहे का ते बघा.

पद्धत अशी. बोट ज्या अवस्थेत रस्त्यावर असणार त्याच अवस्थेत न्या, म्हणजे टाकी पूर्ण भरलेली आणि नांगर, जॅकेट, छत, हत्यारं सगळं आत. आधी बोटीसह ट्रेलर तेवढा काट्यावर राहील आणि गाडी काट्याच्या बाहेर, पण हुक अडकवलेला, असं उभं करा. हे झालं चाकांवरचं वजन, टायरशी आणि अॅक्सलशी ताडून पाहायचं. मग चाकांना उटी लावा, हुक सोडा, ट्रेलरचं पुढचं छोटं चाकही काट्यावरच टेकवा. हे झालं एकूण वजन. नंतर कधी बोट पाण्यात असेल तेव्हा रिकामा ट्रेलर त्याच काट्यावर नेऊन तोला. एकूणातून तो वजा केला की बोट. काटा तोच ठेवा, म्हणजे काट्यात काही फरक असलाच तरी तो दोन्ही पावत्यांत सारखाच राहील.

हुकवर येणारं वजन मात्र भुईकाट्यावरच्या वजाबाकीने काढू नका. बऱ्याच भुईकाट्यांची नोंद ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने होते, आणि ७०-८० किलोच्या आकड्यात १० किलोची चूक फार मोठी. त्यासाठी द्राक्षाच्या किंवा टोमॅटोच्या पॅक हाउसमध्ये असतो तो प्लॅटफॉर्म काटा वापरा. ट्रेलर सपाट जागी, चाकांना उटी, कपलिंग गाडीच्या हुकच्याच उंचीवर येईल असा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवून त्यावर टेकवायचं. एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के हुकवर यावं. तुमच्या १,११२ ला ५६ ते १११ किलो. त्याहून कमी आलं तर ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो, आणि एकदा डोलायला लागलेला ट्रेलर सावरणं सराईत ड्रायव्हरलाही जड जातं. जास्त आलं तर गाडीचा मागचा भाग दबतो, पुढची चाकं हलकी होतात. दुरुस्ती सोपी आहे: बोट ट्रेलरवर पुढे-मागे सरकवायची आणि पुढचा खांब त्याप्रमाणे घट्ट करायचा.

पावसाळ्याचा हिशेबही इथेच मांडतो, कारण वजनाचा सगळ्यात मोठा धक्का मी त्यातूनच बसलेला पाहिला आहे. तुमच्या बोटीचं वरून उघडं क्षेत्र साधारण ९ चौरस मीटर. ५० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे ४५० लिटर पाणी, ४५० किलो. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस ही काही बातमी नसते. बूच लावलेली बोट ट्रेलरवर उघडी ठेवली तर एका रात्रीत ट्रेलरसकट वजन दीड टनाच्या वर जातं, पाटे बसतात, टायर फुटतात, चौकट वाकते. पाण्यात बांधून ठेवलेल्या बोटीत तेच पाणी मागे इंजिनाकडे गोळा होतं, ट्रान्सम खाली जातो आणि एका मर्यादेनंतर धरणाचंच पाणी वरून आत येतं. म्हणून ट्रेलरवर बूच काढलेलं, पुढचं टोक उचललेलं आणि ताडपत्री मध्ये उंच बांधलेली. ताडपत्रीत खळगा राहिला तर तोही पाणी साठवतो. पाण्यात ठेवायचीच असेल तर आपोआप चालू होणारा पंप आणि त्याची बॅटरी रोज बघणारा माणूस.

आता पाण्यावरचं वजन. ८३२ मध्ये सहा माणसं चढली, प्रत्येकी ७५ धरून ४५०, की १,२८२ किलो होतात. माहितीपत्रकातल्या ५२० च्या जवळपास अडीच पट. ७५ किलो हा आकडा युरोपातल्या मानकांत एका प्रौढ माणसासाठी धरतात. आपल्याकडचे लोक हलके असतात म्हणून ६० धरा असं कोणी सांगेल. कपडे, पिशवी, पाण्याची बाटली आणि डबा मिळवा, आणि ७५ च राहू द्या.

पाटीवरच्या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्या. तुमच्या पाटीवर ‘माणसं, इंजिन व सामान मिळून ६४०’ असं आहे. तसं असेल तर त्यातून इंजिनाचे ११०, बॅटरीचे २५, नांगराचे २०, जॅकेट-सिलिंडरचे १५, छताचे २०, बाकी सामानाचे ३५ वजा करा. उरतात ४१५. भागिले ७५, साडेपाच. म्हणजे या बोटीत चालक धरून पाच माणसं, पाटीवर सहा लिहिलं असलं तरी. माणसांचा आकडा आणि किलोचा आकडा दोन्ही पाळायचे असतात. जो आधी संपेल तिथे थांबायचं. अमेरिकेत २० फुटांखालच्या बोटींवर अशीच पाटी लागते, आकडे पौंडात, आणि त्यात माणसं वेगळी व सगळं मिळून वेगळं असे दोन आकडे असतात. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. घाईत पौंडाचा आकडा किलो समजणं म्हणजे दुपटीहून जास्त भार टाकणं. युरोपच्या २०१३ च्या नियमावलीप्रमाणे पाटीवरच्या कमाल भारात पक्क्या टाक्यांमधलं इंधन धरलेलं नसतं. म्हणून पाटी कुठल्या पद्धतीची आहे ते आधी बघा, मग वजाबाकी करा. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ खालची नोंदणी आणि तपासणी, तसंच जलसंपदा विभागाची परवानगी हे विषय वेगळे आहेत आणि पाहुणे बसवणार असाल तर टाळता येणार नाहीत. तिथे माणसांची संख्या याहून कमी ठरली तर तीच पाळायची.

वजन किती यासोबत कुठे, हेही बघा. समजा या बोटीवर मुळात ४० एचपीचं टू-स्ट्रोक होतं, साधारण ७० किलोचं. आता त्याजागी ११० किलोचं फोर-स्ट्रोक आहे. ४० किलो वाढले, तेही अगदी मागच्या टोकाला. त्यात बॅटरी मागे, टाकी मागे, चालक मागे. डेकवरचं पाणी आपोआप बाहेर जाण्यासाठी मागे जी भोकं असतात ती पाण्याच्या वर असायला हवीत; मागचा भार वाढला की ती पाण्याखाली जातात आणि पाणी उलटं आत येतं. बोट घेण्याआधी टाकी भरून, मागे दोन माणसं उभी करून ती भोकं कुठे आहेत ते बघा. बॅटरी पुढे हलवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

समुद्रावर चालणारी बोट गोड्या पाण्यात जास्त बुडते का, हा प्रश्न नेहमी येतो. बुडते, पण काळजी करण्याएवढी नाही. खारं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड असतं. १,००० किलोच्या बोटीला समुद्रात ९७६ लिटर पाणी सारावं लागतं, गंगापूरला १,०००. तुमच्या आकाराच्या बोटीचं पाण्याच्या पातळीवरचं क्षेत्र साडेसहा चौरस मीटर धरलं तर एक सेंटिमीटर बुडायला ६५ किलो लागतात, म्हणजे हा फरक चार मिलिमीटरही नाही. एक माणूस चढला की त्याच्या तिप्पट बुडते.

उंचीचा परिणाम मात्र जाणवतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. इथली हवा विरळ, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण ६ टक्के कमी मिळते. वेगाचा जुना ठोकताळा असा की पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीचा वेग, ताकद भागिले वजन याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. माहितीपत्रकातला वेग दोन माणसं आणि थोडंसं पेट्रोल घेऊन मोजला असेल तर तेव्हा बोट ८४० किलोच्या आसपास असणार. तुमची भरलेली १,२८२. अलिबागला रिकाम्या बोटीत ताशी ५० किलोमीटर वेग दाखवला, तर गंगापूरला सहा माणसांसह ३९-४० ची अपेक्षा ठेवा. इंजिन बिघडलं असं समजून मेकॅनिककडे पळू नका. पूर्ण थ्रॉटलवर, भरलेल्या बोटीत इंजिनाचे फेरे पुस्तिकेत दिलेल्या पट्ट्यात, या वर्गात बहुधा मिनिटाला ५,००० ते ६,००० मध्ये, येतात का ते बघा. खाली राहत असतील तर पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो किती इंच पुढे सरकेल ते माप, कमी करा. एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. समुद्रावर नीट चालणारा पंखा इथे जड पडणं नेहमीचंच आहे. कमी फेऱ्यांवर रेटत राहिलात तर पेट्रोल जास्त जातं आणि इंजिनाचं आयुष्य कमी होतं.

तुमच्या व्यवहाराकडे येतो. बोट पहिल्यांदा आणण्यासाठी ट्रेलर घ्यायची घाई करू नका. इंजिन उतरवून वेगळं बांधा आणि बोट मोठ्या आयशरवर, खाली गाद्या किंवा जुने टायर घालून आणा. निघताना तिकडच्याच भुईकाट्यावर आधी रिकामा ट्रक आणि मग बोटीसह ट्रक तोला. टाकी रिकामी, इंजिन आणि सामान उतरवलेलं, बूच काढून बोट निथळलेली, अशा अवस्थेत सांगाडा, स्टिअरिंग आणि छत मिळून ५६० च्या आसपास यायला हवेत. ६०० पर्यंत आले तर जुन्या बोटीला तेवढं चालतं. ७०० च्या पुढे गेले तर आत पाणी आहे असंच समजा, आणि डेक उघडून फोम बदलण्याचा खर्च किमतीतून वजा झाल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. ही अट इसार देण्याआधीच लिहून घ्या.

बोट इथे आली, इंजिन चढलं, खरं वजन हातात आलं, की मग ट्रेलर. आकडा माझ्या हिशेबाजवळ, म्हणजे ८३० च्या आसपास आला तर एकूण मंजूर वजन १,३०० ते १,४०० असलेला, ब्रेकवाला ट्रेलर मागा. आणि उन्हाळ्यात बॅकवॉटर मागे हटतं तेव्हा पक्क्या उताराचं टोक पाण्यापासून लांब राहतं आणि मध्ये गाळ असतो, तेव्हा भरल्या ट्रेलरची चाकं त्या गाळात घालू नका; पाणी पुन्हा वर येईपर्यंत बोट पाण्यातच राहू द्या, टाकी अर्धी ठेवा, आणि पंपाची बॅटरी चार्ज आहे ना ते बघत राहा.